पायलटच्या मेसेजलाही रिप्लाय लागतो: जेआरडी टाटा आणि आकाशातल्या संवादाची गोष्ट

मुंबईहून अरबी समुद्रावर निघालेलं विमान किनाऱ्यापासून तीन-चारशे किलोमीटर आत गेलं की पायलट आणि कंट्रोलर यांचं बरंचसं बोलणं बंद होतं आणि टायपिंग सुरू होतं. हो, चॅटच. कंट्रोलर मेसेज पाठवतो, कॉकपिटमध्ये टिंग वाजतं, पायलट वाचतो आणि बटण दाबून रिप्लाय देतो. या पद्धतीचं नाव सीपीडीएलसी, म्हणजे कंट्रोलर पायलट डेटा लिंक कम्युनिकेशन्स.

आता प्रश्न पडेल की रेडिओवर बोलता येत असताना टाइप कशाला करायचं? बोलणं तर टाइप करण्यापेक्षा फास्ट असतं! या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात नीट सापडतं. तो माणूस म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे जेआरडी. त्यांनी सुरुवात केली तेव्हा विमानातून जमिनीशी एक शब्दसुद्धा बोलता येत नव्हता. पुढे बोलता यायला लागलं आणि मग कळलं की नुसतं बोलता येणं पुरेसं नाही.

शेजारी ब्लेरिओ

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा पारशी, आई सुझान फ्रेंच. त्यांचं लहानपण फ्रान्स, भारत, जपान आणि इंग्लंड असं वाटलं गेलं. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी टाटांचं सुट्टीतलं घर होतं, आणि तिथे शेजारी होते लुई ब्लेरिओ. हे तेच, ज्यांनी १९०९ मध्ये विमानातून पहिल्यांदा इंग्लिश खाडी ओलांडली. शेजारीच असा माणूस असल्यावर मुलाला विमानाचं वेड लागणार नाही तर काय! पंधरा वर्षांचे असताना जेआरडी याच हार्डेलोला पहिल्यांदा विमानात बसले आणि पायलट व्हायचं त्यांच्या मनानं घेतलं.

पण ते पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. मधल्या काळात फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी झाली, १९२५ मध्ये टाटांच्या मुंबईच्या ऑफिसात काम सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. कॉलेजची डिग्री राहून गेली, ती राहूनच गेली. १९२९ मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब निघाल्यावर ते शिकायला गेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना पायलटचं लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं हे पहिलं लायसन्स, त्यावर नंबरच होता १.

पुढे आगा खान यांनी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस जाहीर केलं. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले, तर अस्पी इंजिनिअर नावाचा तरुण इंग्लंडहून भारताकडे. इजिप्तमध्ये अबूकीरला जेआरडी उतरले, तर अस्पी तिथे स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेले! जेआरडींनी आपल्याकडचे जास्तीचे प्लग त्यांना दिले. शर्यत अस्पींनी जिंकली, आणि पुढे हेच अस्पी भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

ही गोष्ट जेआरडींच्या मोठ्या मनाची म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तिची दुसरी बाजू बघा. विमान एकदा नजरेआड गेलं की पायलट एकटा. पुढे हवा कशी आहे, दुसरा पायलट कुठे पोचला, आपल्याला उशीर होतोय हे कोणाला कळवायचं, यातल्या कशाचीच सोय नाही.

पत्रं नेणारं मुकं विमान

नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातले माजी पायलट. त्यांनी टाटांकडे एक योजना आणली. लंडनहून इंपीरियल एअरवेजचं टपाल कराचीपर्यंत विमानाने येत होतं. तिथून पुढे मुंबई आणि मद्रासला ते आपल्या विमानाने न्यायचं. तेव्हाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते, पण अखेर तयार झाले आणि सुमारे २ लाख रुपयांच्या भांडवलावर काम सुरू झालं.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ हे छोटं, एका इंजिनचं विमान उडवलं. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या वंदे भारतइतका. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं. ते पेट्रोल धावपट्टीपर्यंत बैलगाडीतून आलं होतं! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेलं व्हिन्सेंट यांनी. नकाशावर जुहूपासून बेल्लारीपर्यंत सरळ पट्टी ठेवून बघा, ती आपल्या उरण-पनवेलवरून, चिरनेरच्या जवळूनच जाते. चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला २५ सप्टेंबर १९३० रोजी. त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. एवढं जुनं आहे हे सगळं.

त्या विमानात रेडिओ नव्हता. दिशा कळायची होकायंत्रावरून, आणि खाली दिसणारा किनारा, नद्या, रेल्वेचे रूळ यांच्यावरून. जुहूला थांबलेल्या लोकांना विमान कुठवर आलंय हे कळायला एकच मार्ग होता, आकाशाकडे बघत बसणं.

यातली गंमत लक्षात आली का? विमान भरलंय पत्रांनी, म्हणजे लोकांच्या मेसेजेसनी. पण त्या विमानाला स्वतःला एकही मेसेज पाठवता येत नाही.

मग हे चाललं कसं? काटेकोरपणावर. मधे काही बदलता येणार नसेल तर आधीच सगळं ठरवून ठेवावं लागतं. पेट्रोल किती, कुठे भरायचं, हवा बिघडली तर कुठे उतरायचं. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची चिखलाची जमीन, पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. म्हणून पावसाळ्यात पुण्याहून काम चालायचं. पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी अडीच लाख किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापलं, १५५ प्रवासी आणि जवळपास पावणेदहा टन टपाल नेलं, वर ६०,००० रुपये नफाही कमावला. सेवा वेळेवर चालते म्हणून सरकारी खात्यानेसुद्धा तिचं कौतुक केलं.

विमान बोलू लागलं

१९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, रसायनं असा सगळा पसारा हाताखाली आला, पण जीव विमानांतच राहिला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला निघालं, तेव्हा प्रवाशांमध्ये जेआरडीही होते.

तोपर्यंत विमानात रेडिओ आला होता. लांब पल्ल्याच्या विमानात त्या काळी रेडिओ ऑफिसर नावाचा वेगळा माणूस असायचा. समुद्रावरून जाताना तो मोर्स कोडमध्ये, टिंब आणि रेघ वाजवत, जमिनीशी संपर्क ठेवायचा. म्हणजे बघा, लांबच्या विमानाने जमिनीशी अक्षरं जोडून बोलायची पद्धत तशी जुनीच आहे. पुढे आवाज जास्त स्पष्ट पोचायला लागला, माईक सरळ पायलटच्या हातात आला आणि मोर्सवाला माणूस कॉकपिटमधून गेला.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना हे पटलं नव्हतं, तरी त्यांनी एअर इंडियाचं अध्यक्षपद स्वीकारलं आणि पंचवीस वर्षं सांभाळलं. १९५८ मध्ये ते आयाटा या जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांची एक सवय प्रसिद्ध होती. एअर इंडियाने प्रवास करताना जे खटकेल ते टिपून घ्यायचं आणि उतरल्यावर अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. चहाचा रंग, पडद्यांची अवस्था, कर्मचाऱ्यांचे कपडे, काहीही सुटायचं नाही. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं आणि लिहिलेल्याचं उत्तर द्यावं लागतं, हा साधा हिशोब त्यामागे दिसतो.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमानं आली. आता वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरात गेला. म्हणजे चार सेकंदांत एक किलोमीटर! इतक्या वेगात एखादं वाक्य चुकीचं समजलं तर काय होतं, हे सहाच वर्षांत दिसलं.

२४ जानेवारी १९६६

कांचनजंगा नावाचं एअर इंडियाचं बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाकडे येत होतं. आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर, मॉन्ट ब्लाँ, मागे टाकल्यावर त्याला खाली उतरायचं होतं. ते शिखर मागे पडायच्या आधीच खाली आलं आणि डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. त्यात डॉ. होमी भाभा होते, भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख. भाभा जेआरडींचे मित्र होते. मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था भाभांनी उभी केली ती टाटा ट्रस्टच्या मदतीने. कंपनी आपली, विमान आपलं आणि गेलेल्यांमध्ये आपला मित्र, अशी ही घटना होती.

या अपघाताबद्दल यूट्यूबवर भरपूर कारस्थानं फिरतात. फ्रेंच चौकशीतून निघालेलं कारण जास्त साधं आहे, आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारं आहे. विमानातलं दिशा दाखवणारं एक उपकरण बिघडलेलं होतं. पायलटचा अंदाज असा झाला की आपण शिखर ओलांडलंय. जमिनीवरच्या कंट्रोलरला रडारवर ही चूक दिसली. त्याने विमानाची खरी जागा रेडिओवर सांगितली. पण वाक्य पुरेसं नेमकं नव्हतं. पायलटला त्यातून उलटाच अर्थ लागला, की आपला अंदाज बरोबर आहे. तो उतरत राहिला.

पुन्हा वाचा. कंट्रोलरकडे बरोबर माहिती होती, रेडिओ चालू होता, मेसेज गेला आणि पोचलासुद्धा. अर्थ मात्र पोचला नाही.

आवाजाची दुसरी अडचण ११ वर्षांनी जगाला कळली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अपघात. त्याची कारणं अनेक होती. त्यातलं एक असं, की एकाच क्षणी दोघे रेडिओवर बोलले. एका फ्रिक्वेन्सीवर दोन आवाज आले की ऐकू येते ती नुसती शिट्टी. नेमकं जे ऐकायला हवं होतं, ते त्या शिट्टीत बुडालं.

शेवटची वर्षं

फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. त्याच वर्षी अमेरिकेत एकार्स ही यंत्रणा सुरू झाली. विमान कधी सुटलं, कधी उतरलं, असे छोटे मजकूर विमान आपोआप कंपनीला पाठवू लागलं. विमानाचा एसएमएस म्हणा ना!

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा एका जुन्या छोट्या विमानात बसले आणि कराचीहून जुहूला आले. योगायोग असा, की दुसऱ्याच वर्षी, १९८३ मध्ये, आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेने भविष्यातल्या यंत्रणांचा विचार करायला समिती नेमली. तिचं नाव फॅन्स. उपग्रहाद्वारे पायलट आणि कंट्रोलर यांनी मजकूर पाठवून काम करावं, ही दिशा तिथून ठरत गेली.

१९९२ मध्ये जेआरडींना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात ते गेले. तेव्हा ते ८९ वर्षांचे होते. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, दक्षिण प्रशांत महासागरावर बोइंग ७४७-४०० विमानं आणि कंट्रोलर यांच्यात सीपीडीएलसी सुरू झालं. ते त्यांना बघता आलं नाही.

मग हे चॅट चालतं कसं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्हीएचएफ रेडिओची लाट सरळ रेषेत जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे विमान फार लांब गेलं की ते क्षितिजाआड जातं आणि आवाज तुटतो. त्यानंतर उरतो एचएफ रेडिओ. त्याची लाट आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून लांब जाते, पण खरखर इतकी की आकडे दोन-तीनदा सांगावे लागतात. डेटा लिंकमध्ये हाच मजकूर उपग्रहातून जातो.

पहिली पायरी लॉगऑन. पायलट त्या भागाच्या केंद्राचा चार अक्षरी कोड टाकतो. मुंबईचा कोड व्हीएबीएफ. जमिनीवरचा कॉम्प्युटर विमानाची ओळख आधी मिळालेल्या फ्लाइट प्लॅनशी जुळवून बघतो. जुळली तरच कनेक्शन. आज आपल्याकडे मुंबई, चेन्नई आणि कोलकाता इथली केंद्रं समुद्रावरच्या विमानांशी असं काम करतात.

दुसरी पायरी मेसेज. इथे मोकळं टायपिंग कमीत कमी असतं. वाक्यं आधीच ठरलेली, फक्त रिकाम्या जागा भरायच्या. अमुक उंचीवर जा आणि ती राख, असा साचा असेल तर कंट्रोलर फक्त उंची भरतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले अ‍ॅपमध्ये जन्मतारीख टाइप करू देण्याऐवजी कॅलेंडर देतो, त्यामागे हाच विचार असतो. चुकायला जागाच कमी ठेवायची. १९६६ चं ते वाक्य आठवा, म्हणजे या साच्यांची किंमत कळेल.

तिसरी पायरी रिप्लाय, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. सूचना आली की पायलटकडे ठरलेले पर्याय असतात. विल्को म्हणजे समजलं आणि तसं करतो. अनेबल म्हणजे जमणार नाही. स्टँडबाय म्हणजे थांबा, बघून सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपची निळी टिक फक्त एवढंच सांगते की मेसेज उघडला. समोरच्याने तो मान्य केला की नाही, हे तिला माहीत नसतं. कंट्रोलरचं काम निळ्या टिकवर भागत नाही, त्याला विल्को लागतं. प्रत्येक मेसेजला नंबर असतो, त्यामुळे कुठला रिप्लाय कशाला, हा घोळ होत नाही. आणि सगळं स्क्रीनवर राहतं. विसरलात तर पुन्हा वाचा, शेजारच्या पायलटलाही दाखवा.

मग रेडिओ बंद का नाही करत?

कारण मजकुरालाही मर्यादा आहेत. मेसेज उपग्रहातून जायला, वाचायला आणि उत्तर यायला वेळ लागतो. विमानतळाजवळ, जिथे दर काही सेकंदांनी सूचना बदलतात, तिथे हे चालणार नाही. आणीबाणीत तर आवाजच हवा. म्हणजे १९६६ मध्ये हे तंत्र असतं तरी जिनिव्हाजवळ उतरताना कदाचित बोलूनच काम झालं असतं. त्या अपघाताचा धडा नुसत्या टायपिंगचा नाही, नेमक्या शब्दांचा आहे. म्हणूनच रेडिओवरचे शब्दही आज ठरलेले असतात आणि पायलटला सूचना परत म्हणून दाखवावी लागते.

दुसरी अडचण अशी की रेडिओवर आजूबाजूच्या सगळ्या पायलटना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. पुढच्या विमानाला धक्के बसतायत हे मागच्याला फुकटात कळतं. चॅटमध्ये ते कळत नाही. आणि तिसरी, माणूस घाईत वाचतो. अमुक वाजता वर जा, असा मेसेज आला, त्यातली वेळ नजरेतून सुटली आणि पायलट लगेच वर गेला, अशा चुका जगात झालेल्या आहेत. लिहिलेलं नीट वाचलं तरच उपयोगाचं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. म्हणजे चिरनेर-पनवेलकरांना आता डोक्यावरची विमानं नवीन राहणार नाहीत. एखादं विमान पश्चिमेला समुद्राकडे जाताना दिसलं तर मोबाइलवर फ्लाइट ट्रॅकिंगचं अ‍ॅप उघडून त्याच्यावर लक्ष ठेवा. किनाऱ्यावरच्या रिसीव्हरच्या टप्प्याबाहेर गेलं की कधी कधी ते नकाशावरून गायब होतं, किंवा अ‍ॅप त्याची जागा अंदाजाने दाखवायला लागतं. घाबरू नका. १९३२ मध्ये अशा वेळी आकाशाकडे बघत बसण्यावाचून इलाज नव्हता. आज तुमच्या स्क्रीनवरून ते विमान गेलेलं असतं, तेव्हा मुंबईच्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर त्याचं विल्को येत असतं.